चाव्हासला दोन व्हिक्टोरिया क्रॉस, पण पदक एकच?

पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर नोएल चाव्हास याच्याबद्दल दोन गोष्टी सारख्या फिरत असतात, एक म्हणजे तो कायम नोकरीतला फौजी होता आणि दुसरी म्हणजे त्याच्या छातीवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) शेजारी शेजारी लटकायचे. दोन्ही चूक.

तो पेशाने डॉक्टर, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावलेला, आणि १९१३ मध्ये लिव्हरपूल स्कॉटिश या टेरिटोरियल बटालियनला डॉक्टर म्हणून जोडला गेला, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून पार्टटाइम सैनिक. टेरिटोरियल लोकांवर परदेशी जायची सक्ती नव्हती, स्वतः तयारी दाखवली तरच, तरी ही बटालियन नोव्हेंबर १९१४ लाच फ्रान्सला पोचली.

१९१५ मध्ये बेल्जियममधल्या हूजला त्याने मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं. ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधल्या गिलमाँला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, तिथे शत्रूच्या खंदकापासून जेमतेम २५ यार्डांवरच्या खड्ड्यातून त्याने तीन जखमी उचलून आणले, आणि हे सगळं एकही गोळी न झाडता, हे मला फार मोठं वाटतं. १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ स्वतः जखमी असूनही जखमी माणसं शोधत राहिला, ४ ऑगस्टला वारला. त्यासाठीच दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस.

पण हा क्रॉस दुसऱ्यांदा मिळतो तेव्हा वेगळं पदक देत नाहीत, त्याच रिबिनीवर एक आडवी पट्टी येते, तिला बार म्हणतात. आणि तीसुद्धा त्याच्या मृत्यूनंतर जाहीर झाली, त्याने ती कधी लावलीच नाही. दोन क्रॉस शेजारी दिसतात ते बेल्जियममध्ये ब्रँडहूकला, त्याच्या कबरीच्या दगडावर कोरलेले.