‘बेल्ट बदललाय’ म्हणजे नेमका कुठला? फॅन बेल्ट आणि टायमिंग बेल्ट

मावसभावाचा फोन आला तेव्हा तो साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडी चालता चालता बंद पडली म्हणाला. ना धूर, ना खडखडाट. मी म्हटलं, फोन बॉनेटजवळ धर आणि एकदाच स्टार्टर मार. एरवी स्टार्टर मारला की इंजिन अडखळत फिरतं, ‘खर्र-खर्र-खर्र’, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना थोडा अडतो. त्या दिवशी फोनमधून आला तो सरळ, हलका ‘घुंऽऽई’ आवाज, मिक्सरचं भांडं रिकामं फिरवल्यासारखा.

“आता किल्लीला हात लावू नकोस. टायमिंग बेल्ट गेलाय.”

“कसा जाईल दादा? मागच्याच वर्षी बदललाय. बिल आहे माझ्याकडे.”

बिल नंतर पाहिलं. ‘बेल्ट ४पीके, १ नग.’ बिल खरं होतं आणि बेल्टही खरोखर बदललेला होता. फक्त तो दुसरा बेल्ट होता.

अनेक इंजिनांत एकाच बाजूला, एकाच क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, थोडक्यात क्रँक) टोकावर, एकामागे एक असे दोन बेल्ट फिरत असतात. बाहेरचा उघडा दिसतो तो फॅन बेल्ट. त्याच्या मागे, प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेला असतो तो टायमिंग बेल्ट. दोन्ही काळे, दोन्ही रबरी, दोन्हींना पुल्या आणि बहुधा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली). मिस्त्री, गिऱ्हाईक, सेकंडहँड गाड्यांचा दलाल, सगळे दोघांनाही नुसतं ‘बेल्ट’ म्हणतात.

मला वाटतं या घोळाला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत इंजिन गाडीच्या लांबीला बसवलेलं असे, त्याच्या तोंडासमोर रेडिएटर, आणि मधला पंखा खरोखरच बेल्टवर फिरायचा. म्हणून तो फॅन बेल्ट. पद्मिनीत टायमिंग बेल्ट नव्हताच, ते काम चेन करायची. त्यामुळे आपल्या वडिलांच्या पिढीला ‘बेल्ट’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, आणि तो चुकीचा नव्हता. दात असलेला रबरी टायमिंग बेल्ट जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२च्या सुमारास आपल्या १००४ या गाडीत आणला होता. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात तो पोचवला १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने. तिचं इंजिन आडवं, पुल्या चाकाच्या बाजूला, आणि रेडिएटरचा पंखा विजेवर. म्हणजे फॅन बेल्टचा फॅनशी संबंध संपला तरी नाव राहिलं, आणि नवा बेल्ट आला तोही ‘बेल्ट’च झाला.

आता कामाचं बघू. फॅन बेल्ट ताकद वाहतो. क्रँक फिरतो, तो बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरला (आमच्या भागातले जुने मिस्त्री अजून डायनॅमोच म्हणतात), एसीच्या कॉम्प्रेसरला, काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला आणि पाण्याच्या पंपाला फिरवतो. तो थोडा घसरला तरी जगबुडी होत नाही. कारण डायनॅमो आणि क्रँक यांनी एकमेकांच्या तालात फिरावं अशी कुणाची अपेक्षाच नसते.

टायमिंग बेल्टचं काम मात्र तालाचंच आहे. पिस्टन वर कधी येणार आणि व्हॉल्व्ह कधी उघडणार-मिटणार याचा मेळ तो राखतो. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या २ फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) १ फेरी. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या मारत असेल तर कॅम १,५०० मारतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. यात घसरण्याला जागा नाही, म्हणून या बेल्टला आतून आडवे दात असतात. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत. बेल्ट एकच दात चुकला तर ३६० भागिले २०, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांची चूक. तेवढ्यावर इंजिन कदाचित चालेल, पण मरगळलेलं, थरथरत. आणि बेल्ट पूर्ण तुटला तर कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, आणि गाडीच्या वेगामुळे वर-खाली होत राहिलेले पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतात. सगळ्याच इंजिनांत हे होत नाही. काहींत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा सोडलेली असते. डिझेलमध्ये ती मेहेरबानी जवळपास नसतेच. भावाच्या गाडीचं हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवलं तेव्हा वाकलेले व्हॉल्व्ह ओळीने ठेवून मिस्त्रीने दाखवले. टेबलावर गडगडवले की डोकं डुगडुगायचं.

दोघांच्या म्हातारपणातही फरक आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. फॅन बेल्ट तक्रार करतो. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्यावर जो किंचाळतो तो हाच. त्याच्या आतल्या बाजूच्या उभ्या पन्हळींवर आडव्या चिरा दिसतात, कडेचे धागे सुटतात. आवाज कशाचा आहे हे तपासायची एक साधी युक्ती: इंजिन चालू असताना, हात, ओढणी, बाही सगळं दूर ठेवून, पन्हळींच्या बाजूवर स्प्रे-बाटलीतून थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. साबण किंवा मेण चोळून आवाज गप्प करणारे भेटतात, पण त्याने आवाज जातो, कारण जात नाही. आणि शेवटी तुटलाच, तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गार होईनासा होतो, तापमानाचा काटा चढू लागतो. मारुती ८०० मध्ये पाण्याचा पंप याच बेल्टवर आहे, म्हणून तिथे लगेच गाडी कडेला घ्यायची. पण घेता येते.

टायमिंग बेल्ट बोलत नाही. कव्हरच्या आत बसून तो वर्षानुवर्षं गुपचूप झिजतो, आणि कव्हर काढून पाहिला तरी अनेकदा ठणठणीत दिसतो, कारण आजकालचं रबर चिरा न पडता आतल्या धाग्यांपाशी कमजोर होतं. म्हणून त्याला डोळ्यांनी नव्हे, पुस्तकाप्रमाणे बदलायचं. बऱ्याच गाड्यांत हा आकडा ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो, सोबत वर्षांची मर्यादाही असते, आणि दोन्हींत जे आधी येईल ते धरायचं. ‘गाडी फक्त रविवारी निघते’ हा युक्तिवाद रबराला कळत नाही. जुन्या २.५ डिझेल इनोव्हात तर मीटरमध्येच टायमिंग बेल्टची आठवण देणारा दिवा आहे. तो किलोमीटर मोजून लागतो, बेल्टची तब्येत पाहून नाही.

एक गोष्ट मात्र दोघांना जोडते. जीर्ण फॅन बेल्ट तुटताना त्याचे धागे क्रँक पुलीच्या मागे गुंडाळले जाऊन टायमिंग कव्हरच्या आत ओढले जाऊ शकतात. तिथे ते दातांमध्ये अडकले की टायमिंग उडालंच. म्हणजे काहीशे रुपयांचा बेल्ट न बदलल्यामुळे हेड उतरवायची वेळ.

बिलावरून ओळखायचं कसं? ‘पीके’ दिसलं की तो बाहेरचा. ४पीके म्हणजे ४ उभ्या पन्हळींचा, ६पीके म्हणजे ६. पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. टायमिंग बेल्टच्या बिलावर दातांची संख्या किंवा पार्ट नंबर असतो, सोबत टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली), कधी ऑइल सील असतात, आणि मजुरीचा आकडा मालाच्या आसपास किंवा वर जातो. बिलात नुसता एक बेल्ट आणि किरकोळ मजुरी असेल तर टायमिंगचं कव्हर कुणी उघडलेलं नाही.

घरी बदलायचं म्हणाल तर फॅन बेल्टला मी कुणालाच नाही म्हणणार नाही. जुना बेल्ट कसा फिरलाय त्याचा फोटो काढा. आल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि ॲडजस्टरचा बोल्ट सैल करा, आल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, जुना काढा, नवा घाला, पन्हळी प्रत्येक पुलीच्या खाचांत नीट बसल्यात का ते बोटाने चाचपा, आणि ताण देऊन बोल्ट आवळा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १ सेंटिमीटर दबला म्हणजे ठीक, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. अर्धा-पाऊण तास. काही नव्या गाड्यांत ताणून चढवायचा, टेन्शनर नसलेला बेल्ट येतो; तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकून चढवायला जाऊ नका, पन्हळ कापली जाते.

टायमिंग बेल्ट मी घरी घातला तो मारुती ८०० ला. वरती एकच कॅमशाफ्ट, ३ सिलिंडर, हात घालायला जागा. शिकायला याहून सोपं इंजिन नाही. तरी सकाळी आठला बसलो तो अंधार पडता पडता उठलो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर ठेवली, त्या बाजूचं चाक आणि आतला पत्रा काढला, फॅन बेल्ट काढला. (हो, टायमिंगपर्यंत जायचं तर फॅन बेल्ट निघतोच. मग जुना परत घालू नका.) अनेक गाड्यांत पुढे इंजिनाखाली आधार देऊन माउंटिंग सोडावं लागतं. सगळ्यात घाम काढतो तो क्रँक पुलीचा मधला बोल्ट. मुलीला ब्रेक दाबून बसवलं, गाडी टॉप गिअरमध्ये, सॉकेटला हातभर लांब पाईप. स्टार्टरचा झटका देऊन बोल्ट सोडवायची युक्ती काही जण करतात; माझ्या अंगणात ती होणार नाही.

मग खुणा. इथे घरगुती मेकॅनिक हमखास फसतो. बाहेरच्या क्रँक पुलीवर जी खूण असते ती बहुधा इग्निशन टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडायची त्याची. बेल्टसाठीची खूण त्या पुलीच्या मागे लपलेल्या दातेरी पुलीवर, छोटा ठिपका म्हणून असते, आणि ती इंजिनाच्या अंगावरच्या खुणेसमोर आणायची. वरची कॅम पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या खाचेसमोर. दुसरी फसगत अशी की क्रँक २ फेऱ्या मारतो तेव्हा कॅमची १ होते, म्हणून खालची खूण जुळली तरी वरची बरोबर उलट्या टोकाला असू शकते. तसं असेल तर जुना बेल्ट असतानाच क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. दोन्ही जुळल्या की पांढऱ्या नेलपॉलिशने ठिपके द्या, फोटो काढा, मगच टेन्शनर सोडा.

बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक वेगळे फिरवायचे नाहीत. नवा बेल्ट दुमडायचा नाही, तेलाचा हात लावायचा नाही. चढवताना क्रँकपासून सुरुवात करून ओढ असलेली बाजू ताठ ठेवायची, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आणायची. टेन्शनर नवाच घाला. जुन्याचं बेअरिंग हाताने फिरवून ‘गुळगुळीत आहे’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी परत तेच कव्हर उघडतो. डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनात पाण्याचा पंपही याच बेल्टवर आहे, तिथे पंपही त्याच वेळी.

सगळं बसल्यावर स्टार्टर नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, हाताने २ पूर्ण फेऱ्या. कुठे कडक लागलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. तो अडथळा म्हणजे व्हॉल्व्हला टेकलेला पिस्टन असू शकतो. माझं पहिल्यांदा वरची खूण एक दात पुढे गेली होती. बेल्ट ताणताना कॅम कणभर सरकला होता, आणि डोळ्यांना ते दिसलंच नाही. नेलपॉलिशच्या ठिपक्यांनी सांगितलं. परत सोडला, परत चढवला, परत २ फेऱ्या.

दोन कॅमशाफ्ट, कॅम लॉक करायची खास हत्यारं, किंवा डिझेल पंपही टायमिंग बेल्टवर असलेली इंजिनं असतील तर माझा सल्ला सरळ आहे: चांगल्या मिस्त्रीकडे जा आणि शेजारी उभं राहा. आणि त्याआधी आपल्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तरी का ते पाहा. मारुतीची के-सिरीज पेट्रोल, १.३ लिटरचं फियाटकडून आलेलं डिझेल, ह्युंदाईची १.२ कप्पा, यांत चेन आहे. चेनला ठरावीक किलोमीटरचा मुहूर्त नसतो; तिला वेळेवर ऑइल लागतं, आणि ती सैल झाली की खडखडून सांगते.

भावाची गाडी नवे व्हॉल्व्ह घालून महिन्याभराने रस्त्यावर आली. टायमिंग कव्हरवर आम्ही एक स्टिकर लावलाय, पर्मनंट मार्करने लिहिलेला: ‘टायमिंग बेल्ट + टेन्शनर’, तारीख, किलोमीटर. फॅन बेल्टचं त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत.