अ‍ॅप बनवायला डिग्री लागते का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री नसेल तर प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकताच येत नाही.’ कंपन्या नोकरीसाठी डिग्री मागतात, त्यावरून असं वाटणं साहजिक आहे. पण नोकरी वेगळी, अ‍ॅप वेगळं.

प्ले स्टोअरवर डेव्हलपर खातं (अ‍ॅप बनवणाऱ्याचं खातं) उघडताना ओळखपत्र, पत्ता आणि एकदाच 25 डॉलर लागतात. वय 18 पूर्ण हवं. शिक्षणाचा रकाना तिथे नाही. नोंदणीचं पान उघडून हे कोणालाही पाहता येतं, पैसे त्यानंतरच भरायचे असतात. आयफोनसाठी मात्र वर्षाला 99 डॉलर आणि अ‍ॅपलचा मॅक कॉम्प्युटर लागतो, म्हणून सुरुवात अँड्रॉइडवर करावी, असं माझं मत.

शिकताना तर खातंही नको. अँड्रॉइड स्टुडिओ हे अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं. लॅपटॉपची रॅम 8 जीबी असेल तर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा नकली फोन, जड जातो. अशा वेळी स्वतःचाच फोन वापरा: सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून फोनवर अ‍ॅप चालवू देणारी सोय) चालू करून केबल जोडा. कोट्लिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं पहिलं अ‍ॅप थेट हातातल्या फोनवर दिसतं. तो क्षण प्रत्येक मुलामुलीला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

खरी अट पुढे आहे. नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यासाठी घरचे, मित्र आणि शेजारी पुरतात.