घरी भरलेली सीडी व मोटारीतील जुना प्लेअर

संगणकावरील रायटरने कोऱ्या तबकडीवर भरलेले संगीत मोटारीतील जुन्या सीडी प्लेअरवर न वाजण्याची अडचण. साधारणतः २००० पूर्वीच्या प्लेअरांत ती विशेष आढळते. सातारा-सांगली भागात ती किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. भजनी मंडळांचे कार्यक्रम, जत्रेतले लोकनाट्य, मिरजेतील मैफली यांची खाजगी ध्वनिमुद्रणे छापील सीडीवर बहुधा कधीच आली नाहीत. कॅसेटवरून उतरवून घरी किंवा दुकानात भरून घेतलेली सीडी हीच पुष्कळदा त्यांची एकमेव प्रत असते.

छापील ऑडिओ सीडीचे मानक (‘रेड बुक’) फिलिप्स व सोनी यांनी १९८० मध्ये ठरवले. मोटारीत बसणारे प्लेअर १९८४ च्या सुमारास आले. एकदाच भरता येणाऱ्या सीडी-आरचे मानक (‘ऑरेंज बुक’) मात्र १९९० मधले. मोटारीतील पहिले प्लेअर बनले तेव्हा कोऱ्या तबकडीचे मानकच ठरलेले नव्हते.

न वाजण्याचे सर्वांत सामान्य कारण भरण्याच्या पद्धतीत असते. एमपीथ्री फायली डेटा सीडी म्हणून भरल्या, तर १२८ केबीपीएस दराने ७०० एमबीच्या तबकडीवर सुमारे १२ तासांची गाणी मावतात. पण जुना प्लेअर फाइल ओळखतच नाही. त्याला ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा ऑडिओ ट्रॅक लागतो आणि तसा तो ८० मिनिटांपुरताच बसतो. भरणे संपल्यावर तबकडी बंद (फायनलाइझ) केली नसेल, तर आतल्या कडेची अनुक्रमणिका लिहिली जात नाही. अशी तबकडी रायटर असलेल्या संगणकावर बहुधा वाजते, गाडीत ‘एरर’ येतो. टप्प्याटप्प्याने भरलेल्या तबकडीतला फक्त पहिला टप्पा वाजणे, हाही त्यातलाच प्रकार.

प्रकाशीय कारणाबाबत मतभेद आहेत. छापील तबकडीत सुमारे ०.५ मायक्रॉन रुंदीचे खड्डे असतात व त्यांमागे अॅल्युमिनियमचा थर असतो. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर खड्ड्यावर पडला की परतणारा प्रकाश व्यतिकरणाने (लहरी एकमेकींना मारक ठरून) मंदावतो. सीडी-आरमध्ये असे खड्डे नसतात. सायनीन, थॅलोसायनीन किंवा अझो वर्गातील सेंद्रिय रंगद्रव्याचा थर लेसरच्या उष्णतेने जागोजाग बदलतो. तबकडी उजेडात तिरकी धरली, तर आतून बाहेर भरत गेलेला पट्टा वेगळ्या छटेचा दिसतो तो यामुळेच. ‘परावर्तन कमी, म्हणून वाजत नाही’ हे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूला ते पूर्णपणे लागू पडते. तिचे परावर्तन अवघे १५ ते २५ टक्के असते. सीडी-आरबाबत ते अपुरे वाटते, कारण छापील तबकडीसाठी किमान ७० टक्के तर सीडी-आरसाठी सुमारे ६५ टक्के परावर्तन अपेक्षित आहे. एवढ्या फरकाने नवा प्लेअर अडत नाही. भरलेल्या खुणांच्या कडा अनियमित असणे आणि प्लेअरचा लेसर वयाने क्षीण होणे, या दोहोंचा एकत्र परिणाम मानणारे मत अधिक ग्राह्य दिसते. भिंगावर धूळ बसलेल्या त्याच प्लेअरमध्ये छापील सीडी निर्वेध वाजते आणि घरची अडखळते, याचाही उलगडा त्याने होतो. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या कोरड्या रस्त्यांवर ही धूळ नेहमीची.

भरण्याचा वेग किती असावा, यावरही एकमत नाही. संथ वेग नेहमीच चांगला, ही समजूत वेगवान रायटरसाठी बनवलेल्या तबकड्यांना लागू पडेलच असे नाही. अनेक जाणकार वाजवण्याच्या वेगाच्या ८ ते १६ पट वेग सुचवतात.

तबकडीवर चिकटवलेला कागद उष्णतेने सुटतो, तोलही बिघडवतो. नाव लिहिण्यास मार्कर बरा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या सीडी-आरचे रंगद्रव्य फिके पडत जाते. थॅलोसायनीन त्यातल्या त्यात प्रकाशाला टिकाऊ मानतात.

गाडीत न वाजलेली तबकडी खराब समजून टाकू नये. संगणकावर ती बहुधा उघडते. तेथून प्रत काढून ऑडिओ सीडी म्हणून नव्याने भरता येते. बंद न केलेली तबकडी ज्या रायटरवर भरली, त्याच रायटरवर पुष्कळदा नंतरही बंद करता येते.