एमिसिझुमॅब सुरू झाल्यावरही फॅक्टर आठ का लागतो

हिमोफिलिया 'ए' हा रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या मुलाला एमिसिझुमॅब हे रक्तस्राव टाळणारे इंजेक्शन सुरू झाले, की गुडघा वरचेवर सुजत नाही, शाळा बुडत नाही आणि कळव्याहून किंवा ऐरोलीहून ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयातील डे केअर केंद्रात सारखी धाव घ्यावी लागत नाही. त्यामुळे आता शिरेतून घ्यायच्या फॅक्टर आठची गरज संपली, असे घरच्यांना वाटू लागते. ही समजूत जिवावर बेतू शकते, कारण दोन्ही औषधे एकाच आजारावर दिली जात असली तरी त्यांचे काम सारखे नाही.

हिमोफिलिया 'ए'मध्ये फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारे प्रथिन कमी असते आणि त्याची पातळी 1 टक्क्याच्याही खाली असेल तर आजार गंभीर मानला जातो. शिरेतून फॅक्टर दिला की नेमकी तीच उणीव भरून निघते आणि किती भरून निघेल याचा हिशेबही आधी मांडता येतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 युनिट दिल्यास पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते; म्हणजे डोक्याला मार लागलेल्या 20 किलोच्या मुलाची पातळी 100 टक्क्यांच्या आसपास न्यायची, तर साधारण 1000 युनिट लागतात. मात्र हा फॅक्टर 8 ते 12 तासांत निम्मा ओसरतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. म्हणूनच केवळ रक्तस्राव टाळण्यासाठी तो घ्यायचा झाला, तर आठवड्यातून दोन-तीनदा शीर शोधावी लागते.

एमिसिझुमॅब हा फॅक्टर नाही. ते प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंड असून एका बाजूने सक्रिय फॅक्टर नऊला आणि दुसऱ्या बाजूने फॅक्टर दहाला धरून दोघांना जवळ आणते. एरवी हे काम फॅक्टर आठ करतो. इंजेक्शन त्वचेखाली घ्यायचे असते. पहिले चार आठवडे दर आठवड्याला आणि पुढे डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे एक, दोन किंवा चार आठवड्यांनी ते दिले जाते, कारण ते निम्मे ओसरायला सुमारे चार आठवडे लागतात. ही संथ, स्थिर पातळी हेच त्याचे बळ आहे आणि त्याची मर्यादाही तीच आहे. सांध्यात रक्त साचू लागल्यावर जादा डोस टोचून ते थांबत नाही. त्या वेळी फॅक्टरच द्यावा लागतो. मोठी शस्त्रक्रिया किंवा अपघात असेल तेव्हाही तसेच. डोक्याला मार लागला असेल तर आधी फॅक्टर आणि मग सीटी स्कॅन, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा.

दुसरा घोळ तपासणीत होतो आणि माझ्या मते त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एमिसिझुमॅबमुळे एपीटीटी ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी चाचणी रक्तस्राव चालू असतानाही नॉर्मल दिसते आणि फॅक्टर आठ मोजण्याची नेहमीची पद्धत खोटी, फुगलेली पातळी दाखवते. खरी पातळी कळण्यासाठी गायीच्या प्रथिनांवर आधारित क्रोमोजेनिक (रंगातील बदलावरून मोजणारी) चाचणी करावी लागते. वाशीतल्या एखाद्या रुग्णालयात अनोळखी डॉक्टरांनी केवळ एपीटीटी पाहून 'सगळे ठीक आहे' असे म्हणू नये, यासाठी औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेले कार्ड मुलाच्या दप्तरात कायम असावे. औषध बंद केल्यावरही तपासण्यांवरचा हा परिणाम सुमारे सहा महिने राहू शकतो.

गंभीर हिमोफिलिया 'ए'च्या साधारण 30 टक्के रुग्णांत फॅक्टर आठला निकामी करणारे इन्हिबिटर तयार होतात. एमिसिझुमॅबवर त्यांचा परिणाम होत नाही आणि म्हणून या कुटुंबांना ते मोठे वरदान ठरले आहे. रक्तस्राव झालाच, तर अशा रुग्णांना सहसा रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेला) फॅक्टर सात-ए देतात. एपीसीसी हे रक्त गोठवणाऱ्या अनेक फॅक्टरांचे मिश्रण असलेले दुसरे औषध शक्यतो टाळतात, कारण एमिसिझुमॅबसोबत ते मोठ्या मात्रेत एका दिवसापेक्षा अधिक काळ दिल्यावर काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याचे औषधाच्या वैद्यकीय चाचण्यांत आढळले होते.

हिमोफिलिया 'बी'मध्ये मात्र एमिसिझुमॅबचा उपयोग नाही. ज्या फॅक्टर नऊला धरून ते काम करते तोच तिथे कमी असतो, त्यामुळे त्या मुलांना फॅक्टर नऊच द्यावा लागतो.