हेडफोनच्या पिनेतला चौथा भाग

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'ऑडिओची पिन द्या' म्हणून काम भागत नाही. जाड पी-३८, बारीक ईपी, साऊंडवाल्यांची केनन, अ‍ॅम्प्लिफायरमागची आरसीए, या पिनांच्या जातींपैकी एखादी तरी वाचकांच्या हातातून गेलेली असणार. जाड पिन मूळची १९व्या शतकातल्या टेलिफोन स्विचबोर्डची. ३.५ मिमीची बारीक पिन ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात आली आणि १९७९च्या वॉकमनमुळे तिचं स्टीरिओ रूप सर्वदूर पोचलं. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा, बुडाशी 'अर्थ', म्हणजे ग्राउंड, दोन्ही आवाजांची परतीची सामाईक वाट. पिनेवर दोन काळ्या पट्ट्या, म्हणजे तीन भाग. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

भांडण तिसऱ्या पट्टीने लावलं. मोबाइलवर गाणी ऐकता ऐकता फोनही घ्यायचा, म्हणजे माइकला जागा हवी. जागा कुठून आणायची? जुन्या अर्थाच्या जागेचे तिसऱ्या पट्टीने दोन तुकडे केले गेले: बूड आणि त्यालगतचं नवं कडं. आता या दोनांपैकी माइक कुठला आणि अर्थ कुठला, याची दोन उत्तरं निघाली. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या एका मंचाने अर्थ बुडाशीच ठेवला आणि माइक नव्या कड्यावर आणला. ही 'ओएमटीपी' मांडणी. दुसऱ्या, 'सीटीआयए' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत माइक बुडाशी गेला आणि अर्थ नव्या कड्यावर. दोन्ही नावं मुळात संघटनांची, पण पाकिटांवर ती पिनेच्या जातीसारखी छापली गेली. पट्ट्या दोन्हींवर तीनच, त्यामुळे पिन पाहून जात कळत नाही.

जुन्या पिनेशी इमान राखलं ते ओएमटीपीने. युरोपातल्या बऱ्याच फोनांनी ती घेतली, चीनमध्येही ती चालली. पण आयफोन दुसऱ्या बाजूचा होता. त्याच्यासाठी बनलेले हेडफोन बाजारात इतके झाले की इतरांनाही पुढे त्याच मांडणीवर यावं लागलं. अधिक नेटकी मांडणी हरली, हे माझं मत.

या काळातला एक चमत्कार अनेकांनी अनुभवला असेल. नवे हेडफोन जुन्या फोनला लावले की वाद्यं ऐकू येतात आणि गायक गायब. अर्थाची वाट अडली की दोन्ही कानांचे स्पीकर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा, म्हणून तो कटतो. माइकचं बटण दाबून धरलं की गायक परत! बटण माइकला शॉर्ट करतं आणि अर्थाला वाट मिळते. हेडफोन खराब म्हणून किती जणांनी टाकून दिले असतील! खरं तर बुडाची आणि कड्याची तार अदलाबदल करणारा इंचभर अ‍ॅडॉप्टर पुरेसा होता.

कॉम्प्युटरवर हिरवं भोक आवाजाचं, गुलाबी माइकचं. लॅपटॉपमध्ये त्यांचं एकच झालं आणि 'वाय' केबलचा गोंधळ सुरू झाला. एक वाय दोघांना मिळून गाणं ऐकण्यासाठी, दुसरी माइक आणि आवाज वेगळे करण्यासाठी. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. मागताना 'माइकवाली' म्हणायचं आणि तीन पट्ट्यांची बाजू स्वतः मोजायची.

२०१६मध्ये आयफोन ७मधून भोकच गेलं. त्याच सुमारास टाइप-सीवाल्या काही फोनांनीही ते काढलं. टाइप-सी ते ३.५ मिमीचे अ‍ॅडॉप्टर मात्र पुन्हा दोन जातींचे निघाले: एकात डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप, दुसऱ्यात नुसत्या तारा. तारांचा अ‍ॅडॉप्टर त्याच फोनवर चालतो जो आतूनच अ‍ॅनालॉग आवाज बाहेर देतो. इतरांवर तो मुका. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं केलं, पण तो नियम चार्जिंगपुरता. आवाज कुठल्या पद्धतीने बाहेर यावा, यावर तो काही सांगत नाही.

आणि तारांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये माइक आणि अर्थ टाइप-सीच्या ज्या दोन पिनांवरून जातात, तिथे कुठली कशासाठी हे फोनलाच ओळखून तारा आतल्या आत फिरवाव्या लागतात. कारण टाइप-सी उलटसुलट कशीही बसते.