उपग्रहाला तुमचं ठिकाण माहीत नसतं

२०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांची नोट आली आणि पाठोपाठ तिच्यात ‘नॅनो जीपीएस चिप’ असल्याची आवई उठली. नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसणार म्हणे! रिझर्व्ह बँकेने इन्कार केला, २०२३ मध्ये नोट मागेही घेतली गेली, पण मूळ गैरसमज ठणठणीत आहे. जीपीएसचे उपग्रह कुणालाही बघत नाहीत. ते आपली वेळ आणि कक्षेची माहिती सांगत फिरतात, इतकंच. रिसीव्हर ते ऐकून स्वतःचं ठिकाण स्वतःच काढतो. ते इतरांना कळवायचं तर वेगळा ट्रान्समीटर हवा आणि त्याला वीज हवी. कागदाच्या नोटेत ती कुठून येणार?

मोबाइलमध्ये ठिकाण कळवण्याचं हे काम टॉवरमार्फत होतं. टॉवर नसतील तिथलं उत्तर हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांकडे आहे: एपीआरएस, ठिकाण आणि छोटे निरोप रेडिओवरून पाठवायची पद्धत. अ‍ॅनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोडदौडीत कोणता घोडा कुठवर आला हे दाखवायला व्हीआयसी-२० या घरगुती कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातूनच पुढे एपीआरएस आकाराला आलं आणि त्याला जीपीएसची जोड मिळाली. गाडीतला ट्रॅकर १२०० आणि २२०० हर्ट्झ अशा दोन सुरांत, सेकंदाला १२०० बिट या गतीने, आपलं कॉलसाइन (परवान्यावरचं रेडिओ-नाव) आणि अक्षांश-रेखांश पाठवतो. अशा एका छोट्या संदेशाला पॅकेट म्हणतात. ऐकू येते ती एक क्षणभराची खरखर. अख्खा प्रदेश एकच फ्रिक्वेन्सी वापरतो, म्हणून आटोपशीर बोलणं भाग आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यातच पोचतात; मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून उंच जागी डिजिपीटर बसवतात. तो पॅकेट ऐकतो आणि पुन्हा प्रक्षेपित करतो. पण ऐकलेलं प्रत्येकाने पुन्हा बोलायचं ठरवलं तर गोंधळ कधीच थांबणार नाही. यावरची युक्ती पॅकेटच्या आतच आहे. पाठवणारा त्यातल्या मार्गाच्या रकान्यात ‘वाइड २-२’ लिहितो: अजून दोन उड्या शिल्लक. पहिला डिजिपीटर स्वतःचं नाव टाकून ते ‘२-१’ करतो, दुसरा शून्यावर आणतो, तिसरा ऐकतो पण गप्प बसतो. शिवाय प्रत्येक डिजिपीटर गेल्या अर्ध्या मिनिटात काय पुढे पाठवलं ते लक्षात ठेवतो. तेच पॅकेट शेजाऱ्याकडून परत आलं तर टाकून देतो. ही तुलना करताना मार्गाचा रकाना वगळावा लागतो, कारण तो प्रत्येक उडीला बदलतो. पाठवणारा आणि मजकूर तेवढे ताडून पाहायचे. दोन डिजिपीटर एकाच वेळी बोलले तर? एफएममध्ये रिसीव्हर जोरदार सिग्नलला धरतो आणि कमजोराला दाबतो, त्यामुळे पुष्कळदा जवळच्या डिजिपीटरचं पॅकेट शाबूत मिळतं. एवढ्या मोठ्या जाळ्याला मध्यवर्ती मालक नाही, आणि ते चालतं!

बहुतेक लोक याचा वापर ‘माझी गाडी नकाशावर बघा’ एवढ्यासाठीच करतात. ब्रुनिंगा यावर चिडत. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर ते बजावत राहिले की हे वाहन शोधायचं यंत्र नसून दुतर्फा संवादाचं साधन आहे. मला त्यांचं पटतं. एक्सास्टिरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावरच्या स्टेशनला निरोप पाठवता येतो, कमाल ६७ अक्षरांचा. निरोपामागे क्रमांक जातो, समोरचं यंत्र त्याच क्रमांकाची पोच देतं. पोच आली नाही तर सॉफ्टवेअर अंतर वाढवत पुन्हा पाठवतं. ठिकाणाच्या पॅकेटला पोच नसते. ते हरवलं तरी पुढचं येतंच, निरोपाचं तसं नाही.

यात गुपित मात्र काही ठेवता येत नाही. हॅम बँडवर मजकूर सांकेतिक करायला मनाई आहे, त्यामुळे तुमचा प्रवास आणि निरोप कुणीही वाचू शकतो. ‘शंभर टक्के सुरक्षित ट्रॅकिंग’ विकणाऱ्या जाहिरातींपेक्षा हा उघडेपणा मला प्रामाणिक वाटतो. प्रक्षेपण करायला परवाना लागतो. आपल्याकडे तो परीक्षा देऊन मिळतो.

उंच डोंगर मिळाला नाही तर आकाश आहेच. ब्रुनिंगांच्या नौदल अकादमीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला पीसीसॅट हा उपग्रह २००१ मध्ये अलास्कातून कक्षेत गेला, तो असाच डिजिपीटर होता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही १४५.८२५ मेगाहर्ट्झवर तसाच डिजिपीटर चालवला जातो. स्थानक डोक्यावरून जाताना हातातल्या वॉकी-टॉकीवरून पाठवलेलं पॅकेट पुरतं, फक्त ती दहाएक मिनिटं गाठावी लागतात.