ऐरोलीतला कोड, न्यूयॉर्कमधलं खातं

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी सांभाळून रात्री एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीची, म्हणजे कुणालाही फुकट वापरता-बदलता येणाऱ्या तयार कोडची, देखभाल करणाऱ्याला परदेशातून शंभर डॉलर आले, तर ते सरळ त्याच्या बँकेत येत नाहीत. भारतीय बँकेचं न्यूयॉर्कमध्ये एक नॉस्ट्रो खातं, म्हणजे तिथल्या बँकेत डॉलरमध्ये ठेवलेलं खातं, असतं; पैसे आधी तिथे जमा होतात. वाटेतली बँक आपला आकार कापते, इथली बँक भाव लावताना थोडं खाते, वर रुपयांत बदलण्यावर किमान 45 रुपये जीएसटी. रक्कम लहान असली की हे फार बोचतं.

ही वाट जुनी आहे. जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला 44 देशांनी आपली चलनं डॉलरला आणि डॉलर सोन्याला बांधला, औंसाला 35 डॉलर. यातली मेख अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी 1960 मध्ये दाखवली: जगाला डॉलर पुरवायचे तर अमेरिकेने ते बाहेर सोडत राहायला हवेत, आणि जितके सोडाल तितका सोन्याचा वायदा पोकळ. 15 ऑगस्ट 1971 ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी वायदा मोडला. सोनं गेलं, वहिवाट राहिली. न्हावा-शेवाहून निघणाऱ्या कंटेनरची बिलंही बहुतेक डॉलरमध्येच होतात, माल अमेरिकेला जात नसला तरी. जगाच्या परकीय गंगाजळीतला डॉलरचा वाटा 1999 मधल्या 71 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या खाली आला, पण दुसरा नंबर असलेला युरो 20 टक्क्यांच्या घरातच आहे. डॉलरचं राज्य संपल्याचं भाकीत दर दहा वर्षांनी होतं, ते सोडा.

रुपया 1975 पर्यंत पौंडाला बांधलेला होता. 1991 मध्ये सोनं गहाण टाकायची वेळ आली, 1994 मध्ये चालू खात्यावर, म्हणजे व्यापार आणि सेवांच्या व्यवहारांसाठी, रुपया परिवर्तनीय झाला. भांडवली खात्यावर, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जांवर, मात्र बंधनं अजून आहेत. म्हणून आलेल्या प्रत्येक डॉलरला बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, मागते, आणि ओपन सोर्सची गाडी नेमकी तिथे अडते.

कारण या जगातला पैसा कधी एका साच्यात बसलाच नाही. 1985 च्या सुमारास ईमॅक्स या मुक्त टेक्स्ट एडिटरच्या टेप 150 डॉलरला विकल्या जात. 1989 मध्ये सिग्नस या कंपनीने अशा सॉफ्टवेअरच्या सपोर्टचे पैसे घ्यायला सुरुवात केली. आणि एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी उघडकीला आली तेव्हा कळलं, की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या या लायब्ररीला वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर देणगी मिळत होती. मग लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला, 2019 मध्ये कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर थेट देणगी देण्याची गिटहब स्पॉन्सर्स ही सोय आली, 2022 मध्ये जर्मन सरकारचा निधी.

या पैशाला कोड कुठला लावायचा? काम करून बिल दिलं असेल तर सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी0802. निव्वळ देणगी असेल तर पी1302, पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून 50,000 रुपयांहून जास्त आले तर सगळी रक्कम करपात्र. प्रकल्पासाठी ट्रस्ट काढला, तर परदेशी देणगीला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती देणगी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेतच घ्यावी लागते. पाच-दहा जणांच्या प्रकल्पाला हे झेपत नाही. आमच्या मते इथल्या मेंटेनरने, म्हणजे देखभाल करणाऱ्याने, देणगीचं बटण मागे ठेवावं आणि कोड वापरणाऱ्या कंपनीशी देखभालीचा लेखी करार करावा: कामाचं वर्णन, बिल, परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा आवक दाखला. दर महिन्याला थोडे-थोडे घेण्यापेक्षा तिमाहीला एकदम घेतले तर मधल्या कापाकापीत बरेच वाचतात.

उलट्या दिशेलाही कटकट आहेच. 2024 मध्ये झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. भारतातून असा पैसा बाहेर पाठवायचा तर सहसा घेणाऱ्याकडून त्याच्या देशाचा कर-रहिवासी दाखला आणि त्यासोबत आयकर खात्याचा ठरावीक फॉर्म मागवावा लागतो. बर्लिनमधल्या एकट्या प्रोग्रामरला हे कागद म्हणजे काय, हेच आधी समजावून सांगावं लागतं.

जुलै 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रुपयातच परदेशी व्यवहार मिटवायची सोय केली आहे. पण ओपन सोर्सला पैसे देणारे बहुतेक अमेरिकेत आणि युरोपात आहेत, आणि त्यांच्याकडे द्यायला रुपये नसतात.